पाहुण्यांपुढचा फिका चहा

प्रिय नालियाका,

तू एल्डोरेटला गेल्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही. रुसलो होतो, दुसरं काय. सिमियूकडची मोठी माणसं तुमचं लग्न ठरवायला आली आणि तू बिनसाखरेचा चहा करून साखरेचा डबा शेजारी ठेवलास. आपल्या बुंगोमात साखर पातेल्यातच पडते. ती वेगळी ठेवली की पाहुण्याला वाटतं, आपण नकोसे झालो. सिमियूचे काका कप सरकवून उठले. "चला रे, यांना सोयरीक करायची नाही." मी सगळ्यांदेखत तुझ्यावर ओरडलो, "तीस वर्षं साखर कारखान्यात राबलो, आणि माझ्याच घरात हा चहा?" तू एवढंच म्हणालीस, "बाबा, तुमच्यासाठीच केलाय."

पुढे डब्यामागे तुझ्या हातचा कागद सापडला. साखरेने मेंदू चटावतो, मग पुन्हा पुन्हा मागत राहतो. एकदम सोडू नका, आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. फारच आठवण आली तर मूठभर शेंगदाणे खा आणि चालून या. मी कपाला पाच चमचे घेणारा माणूस. पहिल्या आठवड्यात डोकं दुखायचं, तुझ्या आईवर उगाच खेकसायचो. शेजारचा मासिंदे रोज फाटकातून विचारायचा, "काय वाब्विले, कारखाना बंद पडला की घरचं पोतं संपलं?" मी शेंगदाणे चावत नदीपर्यंत जाऊन यायचो. आता अर्ध्या चमच्यावर आलोय. दुपारची पेंग गेली. दुधाला स्वतःची गोडी असते, हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी तू जिवंतपणी घालवलीस. एवढ्या वडीलधाऱ्यांसमोर ताठ उभी राहिलीस, याचा मला फार अभिमान वाटतो. तेव्हाच सांगायला हवं होतं.

परवा मी सिमियूच्या काकांकडे जाऊन आलो. म्हटलं, माझी मुलगी सोयरीक मोडत नव्हती, बापाला जपत होती, चुकलो मी. म्हातारा पायाची पट्टी दाखवून म्हणाला, "ही जखम साखरेमुळे भरत नाही म्हणतात. तुमची पोरगी मलाही शिकवेल का?" ते सगळे शनिवारी पुन्हा येताहेत. तू ये. चहा तुझ्याच पद्धतीनं कर. सगळ्यांसमोर पहिला कप मी उचलेन.

तुझाच,
बाबा