पाटावरचा कॅमेरा

राजुरी,
दि. २४ ऑगस्ट १९९७

ती. दादास रुपालीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. आण्णांचा गुडघा बरा आहे, कांद्याचं रोप टाकून झालं.

एसटीच्या कंडक्टरकडे दिलेला कॅमेरा मिळाला आणि माझं डोकं फिरलं. दादा, मी तीन पत्रांत लिहिलं होतं की हाताने चालणारा हवा. तू पाठवलास तो आपोआप रोल गुंडाळणारा. दुसऱ्याच रोलला त्याचा सेल संपला आणि तसला सेल नारायणगावात कुठेही मिळत नाही. शिवाय त्याच्या खिडकीतून दिसतं एक आणि फोटोत येतं दुसरंच. भागूमावशीचं डोकं कपाळापासून उडालं आहे. ती अजून रागात आहे.

मला एसएलआर हवा. भिंगातून दिसेल तेच फोटोत येणारा, आतलं सगळं स्प्रिंग आणि चाकांवर चालणारा. सेल नसला तरी शटर पडलं पाहिजे. उजेडाचा अंदाज मी डोळ्यांनी घेते, नारायणगावच्या स्टुडिओत कामाला होते तेव्हा दोन वर्षं तेच केलं. नवा परवडणार नाही, म्हणून जुनाच बघ. भिंग उजेडात धरून आत बुरशी नाही ना ते पाहा, आणि मागचं दार उघडून शटरच्या कापडी पडद्याला भोक नाही ना तेही.

पिंपरी पेंढारच्या ठकूबाईंच्या नातीचा साखरपुडा १२ ऑक्टोबरला आहे. पुरुष फोटोग्राफर आला की बायका पदर ओढून बसतात, म्हणून त्यांनी मला बोलावलंय. आण्णांचं म्हणणं, हे पहिलं काम तक्रारीविना झालं तर पुढच्या खोलीतली खताची पोती हलवून तिथे स्टुडिओ टाकू देईन. नाहीतर हे खेळणं बंद, आणि माघात स्थळं बघायची. आता तूच काय ते ठरव.

वहिनींना नमस्कार. माझ्या बडबडीसकट माझ्यावर लोभ असू दे.

तुझी,
रुपाली


भोसरी,
दि. २१ सप्टेंबर १९९७

चि. रुपालीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला आमच्या सुपरवायझरची आठवण झाली. राजुरीत बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, बाई. चार रविवार मी दुकानं पालथी घातली. एका कॅमेऱ्याच्या भिंगात बुरशीचे धागे. दुसऱ्याचं एक सेकंदाचं शटर तीन सेकंद उघडं. तिसऱ्याचा भिंगामागचा आरसा वर गेला तो खाली यायला तयार नाही. दुकानदार म्हणाला, घ्यायचा तर घ्या, कान लावून काय ऐकता. अकरा वर्षं फिटर आहे, स्प्रिंग काय बोलते ते मला कळतं, असं त्याला सुनावून आलो. एकदा दुधाने तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून पितोय.

आज मात्र सापडला. जपानी, अठरा वर्षांचा, कोपऱ्यांचा काळा रंग जाऊन पितळ दिसतंय. पण पडदा शाबूत आणि सगळे स्पीड बरोबर. तरी तो आज घरी आलेला नाही, कारण तुझी वहिनी. पितृपंधरवड्यात नवी वस्तू आणायची नाही. मी म्हटलं, अगं, वस्तू जुनीच आहे. ती म्हणाली, आपल्या घराला नवीच ना. आमच्या घरात शेवटचा शब्द कोणाचा ते तुला ठाऊक आहे. दुकानदाराने ठेवून घ्यायचं कबूल केलंय. घटस्थापनेला उचलतो आणि लगेच पाठवतो.

आई-आण्णांना नमस्कार सांग. माया आहेच, ती रागावून कमी करू नकोस.

तुझा,
दादा


राजुरी,
दि. १४ ऑक्टोबर १९९७

ती. दादास रुपालीचा शि. सा. न.

कॅमेरा उत्तम होता. आल्या दिवसापासून मी रिकामं शटर दाबून नुसता आवाज ऐकत बसत होते. तू घालवलेल्या चार रविवारांचं आईने एका सकाळी मातेरं केलं.

शनिवारी दसऱ्याला तिने तो पूजेच्या पाटावर मांडला. वर झेंडूचं फूल होतं, मला छानच वाटलं. दुसऱ्या दिवशी ठकूबाईंच्या मांडवात बायका बसल्या, नवरी साडी नेसून आली आणि मी रोल घालायला मागचं दार उघडलं. आतल्या पडद्यावर हळदीकुंकू वाळून चिकटलेलं, चुणीत दोन अक्षता. बटण दाबलं तर पडदा अर्ध्यावर जाऊन अडकला तो अडकलाच. शेवटी ओतूरहून फोटोग्राफर आला. सगळ्या बायकांनी हनुवटीपर्यंत पदर ओढले. मी कोपऱ्यात उभी राहून ते पाहिलं.

घरी येऊन आईला नको ते बोलले. अडाणी बाईच्या हाताला चांगली वस्तू लागूच देऊ नये, असं म्हणाले. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. काल पुढच्या खोलीत आण्णांनी युरियाची आणखी तीन पोती आणून टाकली.

जास्त काय लिहू. तू तरी लोभ ठेव.

रुपाली


भोसरी,
दि. १८ ऑक्टोबर १९९७

चि. रुपालीस आशीर्वाद.

कॅमेऱ्याला रॉकेल लावू नकोस, सुईने टोकरू नकोस, फुंकर मारू नकोस. आहे तसा माझ्याकडे पाठव. एक मिस्त्री माहीत आहे.

आईला बोललीस ते मला बिलकुल आवडलेलं नाही. राग मलाही आला, पण मग विचार केला. इतकी वर्षं ती दसऱ्याला पूजा करते. ट्रॅक्टरचं इंजिन उघडून तिने आत कधी कुंकू लावलेलं नाही. मग याचंच दार का उघडलं? निकाल देण्याआधी तिला तेवढं विचारायचं होतंस. आता विचार आणि मला कळव.

थोरला आहे म्हणून बोललो. राग धरू नकोस, ही विनंती.

दादा


राजुरी,
दि. २३ ऑक्टोबर १९९७

चि. भगवंताला आईचा आशीर्वाद.

हे रुपीच्या हातनं लिवून घेतेय. ती दोन दिस इचारत व्हती, मी बोलले न्हाई. तुला सांगते, तिला लिवू दे.

तीस वरसं मी दसऱ्याला पाटावर ह्यांचा कोयता, कुदळ, ट्रॅक्टरची किल्ली मांडते. तू कंपनीत लागलास तवा तुझा पाना मांडला व्हता. माझं खुरपं कधी मांडलं न्हाई. कुणी म्हणलं न्हाई, मीबी म्हणले न्हाई. औंदा रुपीचं यंत्र मधी मांडलं. ह्ये म्हणले, ते खेळणं उचल. मी उचललं न्हाई. ह्या घरात पोरीचं हत्यार पयल्यांदा पाटावर आलं व्हतं.

वरनं कुंकू लावलं आस्तं तर हिनं लगेच पुसलं आस्तं. सारखी फडकं घिऊन पुसत बसती. म्हणून दार उघडून आतनं लावलं. आत ऱ्हाईल म्हणलं.

तिचं काम माझ्या हातनं गेलं. आडाणी म्हणली ते खरंच हाय, पण वाईट लई वाटलं. आज सकाळी पुढच्या खोलीतली पोती मी वढून पडवीत टाकली. ह्यांनी पाह्यलं, पन आडवलं न्हाई. दोन ऱ्हायलीत, ती जड हायेत. मिस्तरीला म्हणावं नीट कर. दिवाळीला सूनबाईला घिऊन ये. आईवर माया ऱ्हाऊ दे.

तुझी आई,
सोनीबाई

ता. क. दादा, उरलेली दोन पोती आम्ही दोघी मिळून ओढणार आहोत, म्हणून इथेच थांबते. कॅमेरा उद्या कंडक्टरकडे देते. पडदा साफ करून घे. दाराच्या आत वरच्या कोपऱ्यात आईच्या बोटाचा ठिपका आहे. तिथे फिल्म लागत नाही. तेवढा पुसायचा नाही, असं मिस्त्रीला बजावून सांग.