अठ्ठावीस मुलकांचे झेंडे

२५ मे १९४२

सव्वीस झेंडे! वीस दिवसांत सव्वीस! गुलाबराव असा सांगून गेला जसे काही नाक पुसायचे सव्वीस रुमाल पाहिजेत.

गुलाबराव म्हंजे लढाई-प्रचार कमिटीचा चिटणीस. त्याच्या कोटाची बटणं मीच लावून देतो, तरी मले "मास्टर" म्हणताना मान वर करून म्हणतो. आज दुकानात येऊन बसला अन् माझ्या कापायच्या फळीवर कागद पसरला. चौदा जूनले साऱ्या दुनियेत दोस्त राष्ट्रांचा दिवस पाळणार आहेत म्हणे. वाशीममधेही. पटांगणात मांडव, अकोल्याहून साहेब येणार, अन् दोस्तीत जेवढे मुलूक आहेत तेवढ्यांचे झेंडे रांगेनं लागले पाहिजेत.

नाही म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण युसूफचा अर्ज त्याच्याच टेबलावर पडून आहे ना!

सिंगापूर पडलं फेब्रुवारीत. युसूफ, माझा धाकटा भाऊ, तिथंच पलटणीत होता; तेव्हापासून त्याचं पत्र नाही, तार नाही. मेला का कैदेत आहे, कोणीच सांगत नाही. मार्चमधे अर्ज दिला की कैद्यांच्या खात्यात चौकशी करा. मे सरत आला, अर्ज तिथंच. गुलाबराव म्हणे, तुमी झेंडे करा, मी साहेबाची शिफारस घेऊन अर्ज पुढं धाडतो. मी म्हटलं शिलाईचे पैसे नको, अर्ज पाठवा. दात खाऊन मी हो म्हटलं.

२६ मे

कमिटीनं कापड पाठवलं. अर्धं कसर लागलेलं. असल्या चिंध्यांवर दुनिया जिंकून राह्यले!

२८ मे

यादी पाठ होऊन राह्यली. कोस्टारिका, क्युबा, हैती, होंडुरास, पनामा. कुठं आहेत हे, गुलाबरावलेही माहीत नाही. विचारलं तर म्हणे दूर आहेत.

मग त्यानं मले समजावून सांगितलं, शाळेतल्या पोराले सांगावं तसं. जानेवारीच्या पहिल्या तारखेले अमेरिकेत एका कागदावर चार मोठ्यांनी सह्या केल्या – अमेरिका, विलायत, रशिया, चीन. दुसऱ्या दिवशी बाकीचे बावीस. कागदावर दोनच गोष्टी. आपल्याजवळ असेल नसेल ते सारं या लढाईत घालायचं, अन् दुश्मनासंगं कोणी एकट्यानं तह करायचा नाही. ज्याले हे कबूल, अन् जो मदत करीन, त्याले दार उघडं. अजूनही कोणी आलं तर घेतीन.

म्हटलं, यातल्या किती जणांजवळ त्यांचा मुलूक आहे? पोलंड गेला, नॉर्वे गेला, ग्रीस गेला, हॉलंड गेला. राजे लंडनमधे चहा पिऊन राह्यले. घर गेलं, गाव गेलं, सही मात्र शाबूत!

गुलाबराव हसला. म्हणे, "आपलीही सही आहे मास्टर. हिंदुस्थानची."

"कोणी केली?"

"तिथं सरकारचा माणूस आहे ना."

"मग त्यानं मले काहून नाही विचारलं?"

तो कागद गुंडाळून उठला. मीही वाढवलं नाही. अर्ज त्याच्याजवळ आहे. पण तो गेल्यावर कात्री फळीवर आपटली. त्यांचे मुलूक गेले अन् सह्या राह्यल्या. आमचा मुलूक जागच्या जागी, माणसं जागच्या जागी – सही दुसऱ्याची! आणि "असेल नसेल ते सारं" त्यात घातलं म्हणतात. माझा भाऊ त्या साऱ्यात आला. अम्मीले कोणी विचारलं होतं?

३० मे

आज दोन भांडणं झाली. हिंदुस्थानच्या झेंड्यावरून.

कागदावर आपल्या नावापुढं विलायतेचाच झेंडा आहे, बाजूले एक तारा. सकाळी रंगराव वांगी घेऊन आला. नदीकाठी त्याची भाजीची वाडी आहे, वीस वर्षांचा शेजार. झेंडा पाहून त्याचं डोकं फिरलं. म्हणे, चरख्याचा लाव, रांगेत कोण पाहून राह्यलं. दुपारी मोहल्ल्यातले दोघं आले, टोप्या नीट करत. म्हणे, फय्याजभाई, हिरवा चांद-तारा लागला पाहिजे, नाहीतर कौमचं नाक कापलं.

दोघांलेही हाकललं. रंगरावले तर वांग्यासकट! म्हटलं, माझा भाऊ कोणत्या झेंड्याखाली पडला आहे ते आधी सांगा, मग मले झेंडे शिकवा. उचलली जीभ लावली टाळ्याले. यांच्या घरचं कोणी सिंगापुरात आहे का?

रंगराव वांगी ओट्यावर ठेवून गेला. माझ्या बायकोनं, मेहरुन्निसानं, भरून केली, अन् मीच दोनदा वाढून घेतली. लाज वाटली.

२ जून

निळा रंग संपला. अजून सात मुलकांले निळा पाहिजे!

४ जून

मेहरुन्निसा तारे कापते, मी पट्टे जोडतो. अमेरिकेचे अठ्ठेचाळीस तारे तिनं दोन दिवसांत लावले. आज सुई खाली ठेवून म्हणाली, "तुमी भाईच्या अर्जासाठी एवढं करून राह्यले, पण त्यानं घर काहून सोडलं ते अर्जात लिहिलं का?"

मारावं वाटलं. मारलं नाही. ती खरं बोलली होती.

हे कुठंच लिहिलं नाही, तर इथं लिहितो. युसूफले शिवणकाम कधी आलंच नाही. सरळ टीप त्याच्या हातून पडत नव्हती. चाळीस साली एका नवरदेवाच्या शेरवानीची बाही त्यानं उलटी जोडली. गिऱ्हाइकासमोर मी त्याच्या मुस्काटात मारली. म्हटलं, तोंड काळं कर, या घरात परत येऊ नको. तिसऱ्या दिवशी तो भरतीच्या लाइनीत उभा होता. जाताना अम्मीच्या गळ्यात पडून रडला, मले सलाम केला नाही. मीही पुढं गेलो नाही. मशीनवर बसून राह्यलो, पायात बेडी असल्यासारखा.

पलटणीतून पत्रं आली ती अम्मीच्या नावानं. माझं नाव एकाही पत्रात नाही.

सरकारचा राग येते, गुलाबरावचा येते, साऱ्या सव्वीस मुलकांचा येते. पण त्याले घरातून काढलं ते यातल्या कोणी नाही. मी काढलं.

८ जून

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! मेक्सिको सामील झाला. आता सत्तावीस.

गुलाबराव खुशीत. त्यांची जहाजं जर्मनीनं बुडवली, म्हणून ते लढाईत उतरले, कागद कबूल केला, झाले मेंबर. आठ दिवसांत! अन् माझा अर्ज तीन महिने. म्हटलं, युसूफ मेक्सिकोचा असता तर बरं झालं असतं. तो म्हणे, अर्जाले साहेबाची सही पाहिजे मास्टर, अन् साहेब चौदालेच येणार.

झेंडा तर असा – हिरवा, पांढरा, लाल, अन् मधे निवडुंगावर बसलेला गरुड, तोंडात साप. मेहरुन्निसानं कोळशानं काढून पाहिला. कोंबडा गांडूळ खाऊन राह्यला असं दिसलं. दोघं हसलो. किती दिवसांनी हसलो अल्ला जाणे.

तेवढ्यात अम्मी आली. जीव असलेल्या चीजेचं चित्र आपल्या घरात होणार नाही, म्हणे. कयामतीच्या दिवशी अल्ला विचारीन, केलंस ना, आता यात जान घाल. तेव्हा तू काय करशील? मी म्हटलं अम्मी, हे युसूफसाठी आहे. ती म्हणे, युसूफसाठीच म्हणते, यावेळी गुनाह नको.

मधलं पांढरं कोरं ठेवलं.

१० जून

गुलाबराव कोरा झेंडा पाहून पांढरा पडला. "अरे, हे तर इटलीचं निशाण दिसून राह्यलं! दुश्मनाचं! साहेब मले फासावर देईन."

मले काय माहीत! दोस्त अन् दुश्मन यात एका पाखराचाच फरक आहे, हे त्यानं आधी सांगायचं. मी तसं म्हटलंही. तो भडकला. म्हणे, पाखरू लागलं नाही तर अर्ज तिथंच राहीन.

मग माझंही डोकं गेलं. झेंडा त्याच्या अंगावर फेकला. म्हटलं, घेऊन जा, सारेच घेऊन जा, अन् उद्या तुमच्या साहेबाले सांगा की फय्याज दर्जीनं लढाई सोडली. बाहेर चार माणसं जमली. मेहरुन्निसा पडद्यामागून बोलली, "झाड चालते ना? निवडुंग तर झाडच आहे."

गुलाबरावनं अंगावरचा झेंडा काढून फळीवर ठेवला.

दुपारी ती मागच्या कुंपणातला फड्या निवडुंग पाहून आली अन् हिरव्या चिंधीचा तसाच कापून पांढऱ्यावर टाकला. अम्मीनं पाहिला, काही म्हटलं नाही. गुलाबराव म्हणे, लांबून चालीन.

१२ जून

फिलिपाइन्स! अठ्ठावीस!

हा तर मागच्या महिन्यात जपाननं गिळला. पेपरात मीच वाचलं. जो आता स्वतःचाच राह्यला नाही त्याले मेंबर करून घेऊन राह्यले, टाळ्या वाजवून! म्हणे हारला तरी लढला, त्याचा मान. मग सिंगापुरात जे हारले त्यांचा मान कुठं आहे? त्यांचं नाव कोणत्या कागदावर आहे? एवढे हजार शिपाई एका दिवशी दुश्मनाच्या हाती दिले अन् त्यांच्या मायांले एक ओळ लिहायले कोणाले सवड नाही! नवीन मुलूक आला की मात्र ताबडतोब तार!

शिवला. शिवून टाकला. टीप वाकडी गेली, उसवली नाही.

१४ जून

झालं एकदाचं.

वारा सुटला होता. अठ्ठावीस झेंडे फडफडले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेबानं एकेक नाव वाचलं. हिंदुस्थान आलं तेव्हा रंगराव माझ्या बाजूले उभा होता. त्यानं माझा हात धरला, कायले धरला माहीत नाही. मीही सोडवला नाही. मेक्सिकोपाशी साहेब थांबला, बोट दाखवून काही बोलला. गुलाबराव घामाघूम. पण साहेब हसून पुढं गेला.

नंतर मांडवाच्या मागं, नॉर्वेच्या खांबापाशी, साहेबानं माझा अर्ज उभ्यानंच वाचला. गुलाबरावनं खरंच ठेवला पुढं. साहेबानं सांगितलं, भावाची ओळख पटेल असं सारं लिहा. तिथंच लिहून दिलं – बापाचं नाव, आज्याचं नाव, मोहल्ला, मशिदीमागचं घर, उजव्या भुवईवर कात्री लागल्याची खूण, पलटणीचा नंबर. साहेबानं शिफारस लिहून सही केली.

घरी येऊन रडलो. अम्मीसमोर. उगाच गुलाबरावले शिव्या दिल्या इतके दिवस.

१५ जून

अर्ज डाकेत पडला. मी स्वतः पाहिला. अम्मीनं मोहल्ल्यात गूळ वाटला. रंगरावच्या घरीही पाठवला.

१८ जून

युसूफ जिवंत आहे.

जमशेदभाई सांगून गेले. जाताना म्हणाले, मी इकडं आलो होतो हे कोणाले सांगू नको. कापसाचे दलाल ते, बॅटरीचा रेडिओ आहे त्यांच्याकडं. काल संध्याकाळी बँकॉक लागलं. हिंदी शिपाई बोलून राह्यले होते, जपानच्या बाजूनं नवी हिंदी फौज उभी होऊन राह्यली, त्यातले. एक म्हणाला, मी वऱ्हाडचा युसूफ, इंग्रजाची नोकरी सोडली, या फौजेत आपल्या मर्जीनं नाव लिहिलं. अम्मीले सलाम. अन् मोठ्या भावाले म्हणा, माझा राग गेला, त्यानंही सोडावा. जमशेदभाई म्हणे, शिवणकामाआधी दोन साल माझ्याकडं कापूस तोलला त्यानं, आवाज ओळखणार नाही का.

वऱ्हाडात युसूफ शंभर असतीन. हा गद्दार कोणता ते सरकारले कळलं नसतं. पण आता माझ्याच अर्जानं कळीन. मोहल्ल्यासकट, भुवईसकट, साहेबाच्या शिफारशीनं. अर्ज परत घ्यायले डाकघरात धावत गेलो. थैली सोमवारीच गेली.

अम्मीले सारं सांगितलं. ती रडली, मग नमाज पढायची जानमाज टाकून बसली. बराच वेळ बसली, पण दुआले हात वर उचलेना. मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "फय्याज, कोण जिंकलं तर माझा युसूफ घरी येईन? तेवढं सांग. त्याच्याच जितीची दुआ मागते."