डॉक्टरांची चादर

बर्नली, २२ ऑक्टोबर १९४८

प्रिय ॲनिसताई,

तुझं कॅनडाहून आलेलं पत्र तीन आठवडे चहाच्या डब्यामागे पडून आहे. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण आता खोटं बोलायचाही कंटाळा आलाय. वॉल्टर गिरणीत, टॉम शाळेत, बटाटे भट्टीत भाजायला. बसले आहे खरी, पण बसणंसुद्धा धड होत नाही.

सरकारने डॉक्टर फुकट केले म्हणजे नक्की काय झालं, असं तू विचारतेस. जुलैत दवाखान्यात गेले तर बायकांची रांग पार चर्चच्या फाटकापर्यंत! पुरुषांना कामाचा विमा होता, पोरांचं आपण कसंबसं निभावत होतो. घरात राबणाऱ्या बाईच्या दुखण्याला मात्र कोणी वाली नव्हता. शेजारच्या ऑग्डनबाई पुढेच होत्या. "तुझं काय गं?" मी म्हटलं, "पाठ." "माझीही पाठच. चौदा वर्षं. बघ की, अख्ख्या गल्लीची पाठ एकाच दिवशी धरली!" सगळ्या हसल्या. पण निम्म्यांचंसुद्धा दुखणं खरं पाठीचं नव्हतं. टॉमच्या बाळंतपणापासून माझं अंग बाहेर येतं, ताई. नऊ वर्षं फडक्याने घट्ट बांधून मी कपडे पिळते, कोळसा उचलते. वॉल्टरलाही कधी धड सांगितलं नाही. आणि त्या दिवशीही नंबर यायच्या आधीच मी घरी पळून आले.

तू बजावलं होतंस, कोणाकडेही नाव घाल, पण त्या पिलिंग डॉक्टरकडे नको. आईला त्यानेच मारलं. मी त्यांच्याकडेच नाव घातलंय. रागाने पत्र चुलीत टाकू नकोस, पुढचं वाच.

आपल्याकडे डॉक्टर घरी यायचे म्हणजे काय सोहळा असायचा, तुला आठवतंच. आधी पायरी दगडाने घासायची, नवा साबण, कोरा टॉवेल, आणि कप्प्यातली ती एकुलती एक पांढरी चादर, डॉक्टरांसाठी राखलेली. इतर वेळी तिच्यावर कोणी निजायचं नाही. छत्तीस सालच्या फेब्रुवारीत आईच्या पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा तू मँचेस्टरला कामावर होतीस. सकाळी सात वाजता मी शाल घेऊन निघाले. आईने माझा ॲप्रन घट्ट धरला. "चादर कुठाय?" चादर ऑग्डनबाईंच्या बाळंतपणाला दिली होती, ती तशीच मळकी परत आली होती. "त्या घाणीवर मला दाखवणार? लोक काय म्हणतील? आधी धू. नाहीतर माझं मेलं तोंड बघशील."

मी धुतली. बाहेर धुराची काजळी पडत होती, म्हणून चुलीवरच्या दांडीला घातली. ती वाळत नव्हती आणि आई कण्हत होती. मधे ती म्हणाली, "आता बरं वाटतंय, पोरी." मी खुळी, खूश होऊन पायरी घासायला घेतली. डॉक्टरांकडे गेले तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. ते जेवण टाकून, माझ्या पुढे धावत आले. आतडं आधीच फुटलं होतं.

तुला मी सांगितलं की सकाळीच बोलावलं होतं, तेच उशिरा आले. एकोणीस वर्षांची होते, तुझा चेहरा पाहून घाबरले. दफनाच्या दिवशी तू फाटकात त्यांना अडवलंस. "गरिबाच्या दारी यायला पाय जड होतात वाटतं?" त्यांनी टोपी काढली, मान खाली घातली, आणि मी शेजारी उभी राहून सगळं ऐकत राहिले. त्यानंतर बारा वर्षं दूधवाल्याच्या गाडीआड लपून मी त्यांना टाळलं.

गेल्या मंगळवारी जिन्यात कोसळले तेव्हा ऑग्डनबाईंनी मला न विचारताच त्यांना बोलावलं. पायरी घासलेली नव्हती, अंथरुणावर टॉमच्या बुटांची माती. मी उठून चादर काढायला लागले. त्यांनी कप्पा ढकलून बंद केला. तपासून झाल्यावर म्हणाले, "नऊ वर्षं, हेटी? या वेळी चादर वाळायला फारच वेळ लागला." मी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. "त्या दिवशी तुझ्या आईच्या पाठीखाली हात घातला, तेव्हा चादर ओली होती," ते म्हणाले. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? "तुला बहिणीच्या आधाराची गरज होती. मला तिच्या आधाराची नव्हती."

सोमवारी मला इस्पितळात घेताहेत, बुधवारी शस्त्रक्रिया. बहुतेक जणी बऱ्या होऊन येतात म्हणतात, पण मला हे पोटात ठेवून त्या टेबलावर जायचं नाही. थकले गं मी. माझ्यावर रागाव, हवं तर पत्र लिहूच नकोस. पण डॉक्टर नाताळनंतर काम सोडताहेत. त्यांना दोन ओळी लिही, ताई. चादर मी इस्पितळात नेणार नाही. तिथे इस्पितळाच्या चादरी असतात. आज सकाळी ती टॉमच्या बिछान्यावर घातली.

तुझीच,
हेटी