पुढच्या डाव्या चाकाचा कोड

अण्णा, तुम्ही गेल्यावर गॅरेजच्या पाटीवर मी माझं नाव घातलं, पण ढोकीपासून कळंबपर्यंत ते कुणी वाचत नाही. गिऱ्हाईक अजून बापाच्याच गॅरेजात येतं आणि लेकाला या खड्ड्यात उतरवतं. गुदमरायला होतं मला इथं. आज सकाळी ठरवलं होतं, बास झालं. पुण्याच्या शोरूममधली नोकरी जवळपास पक्की होती. पाच वाजता त्यांचा फोन येणार, मी हो म्हणायचं आणि सुटायचं.

तेवढ्यात सोनारीचे गुरुजी गाडी घेऊन आले. एबीएसचा दिवा पेटलेला. स्कॅनर लावला तर सी अक्षराचा कोड, म्हणजे दुखणं चॅसीकडचं, ब्रेक नाहीतर चाकांचं. पुढच्या डाव्या चाकाचा वेग गाडीला कळत नव्हता. कोड पुसला की दिवा जायचा, वळण आलं की परत पेटायचा. पुसावा आणि चावी देऊन टाकावी, असं फार मनात आलं. पण कॉलेज संपवून आलो तेव्हा मी हेच करत होतो आणि तुम्ही चारचौघांत झापलं होतं, "दिवा इझवलास रं, ब्रेक कुठं नीट केलास?" त्या एका वाक्यानं तुम्ही मला इथं बांधून घातलंत. त्याचा राग अजून आहे.

चाक सरळ असताना वेग मोजणारा सेन्सर ठणठणीत. गुरुजींना म्हटलं, स्टिअरिंग पुरतं फिरवा. त्यांनी फिरवलं आणि स्क्रीनवरचा आकडा गायब. चाक काढून बघतो तर आत शॉकअपला काळा दोरा, आणि त्याच्याच गाठीत सेन्सरची वायर आवळलेली. वळताना ताण बसून आतली तार तुटत आली होती. गुरुजी घाईघाईनं म्हणाले, "भैरवनाथाचा हाय. गाडीला नजर नको म्हणून मीच बांधलाय. कापू नगा." मग नखानं गाठ सोडवत बसलो. दोरा आतल्या आरशाला बांधला, सेन्सर वायरीसकट बदलला, ढोकीच्या रस्त्यावर गाडी वळवून वळवून पाहिली. कोड परत आला नाही. फार बरं वाटलं अण्णा, आणि बरं वाटल्याचाच संताप आला.

पाचला फोन वाजत राहिला. आईला सांगितलं, हात ग्रीसनं भरले होते, उचलता आला नाही. हे कुणाला दाखवणार नाही म्हणून लिहितो, हात स्वच्छ धुऊन, पुसून मी फोनसमोरच बसलो होतो.