सासरे जंतू-विभागात सापडल्याबाबतचा खुलासा

प्रति,
मा. संचालक,
वनौषधी चाचणी प्रयोगशाळा.

विषय : अर्जदाराचे सासरे विनापरवाना जंतू-विभागात आढळल्याबाबत खुलासा, व त्यांच्या प्रवेशास कार्योत्तर मंजुरी मिळणेबाबत.

संदर्भ : आपली ‘कारणे दाखवा’ नोटीस (जीत सदर गृहस्थांचा उल्लेख ‘अनोळखी ज्येष्ठ शास्त्रज्ञ’ असा झाला आहे).

महोदय,

१. अर्जदार ही आपल्या जंतू-विभागात तंत्रसहायक आहे. औषधी म्हणून आलेल्या झाडपाल्याचा अर्क काढायचा, तो जंतूंवर आणि बुरशीवर चालतो का ते प्लेटवर पाहायचे आणि जे दिसेल तेच लिहायचे, एवढेच तिचे काम. आजवर तिच्याविरुद्ध एकही तक्रार नाही. सासरे मात्र तिला लग्नापासूनच आहेत.

२. सदर सासरे न्यायालयातून पट्टेवाले म्हणून निवृत्त झाले. घराच्या अंगणात त्यांनी रुंद पानांचे एक झुडूप वाढवले आहे. त्याचे खरे नाव कोणालाच ठाऊक नसल्याने घरात त्याला नुसते ‘पाला’ म्हणतात. घसा बसला, खाज सुटली, भाजले, केस गळाले, झोप लागेना, कशावरही सासरे पालाच देतात. गल्लीतली माणसे नेतात, बरी होतात, आणि आपण आपोआपच बरे झालो असतो हे सांगायला कोणी परत येत नाही.

३. सासऱ्यांना मधुमेह आहे. गेल्या महिन्यात नवी चप्पल चावून त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. त्यांनी तिच्यावर पाल्याचा लेप थापला. जखम चिघळली, तेव्हा लेप जाड केला. दवाखान्याचे नाव काढले की, “पाला लावलाय ना? मग काळजी कसली?” असे उत्तर मिळे. अर्जदाराच्या पतीने हात टेकले. सासूबाईंनी बोलणे टाकून पाहिले. पण सासऱ्यांना दोन दिवस त्याचा पत्ताच लागला नाही, उलट घरात हल्ली शांत वाटते असे ते म्हणाले. अखेर अर्जदाराच्या तोंडून निघून गेले, “बाबा, मी पाला तपासते. नाही चालला तर दवाखान्यात यायचं.” सासरे खूश झाले. “होऊन जाऊ दे! पण निकाल लागेपर्यंत दवाखान्याचा विषय बंद.” इथे अर्जदार फसली, हे ती मान्य करते.

४. पाल्याची रीतसर नोंद करून अर्जदाराने आधी त्याचा काढा तपासला. प्लेटवर जंतूंची साय धरते आणि औषध चालले तर त्याच्याभोवती स्वच्छ गोल उमटतो, हे आपण जाणताच. काढ्याभोवती काहीच उमटले नाही. सासऱ्यांनी हरकत घेतली की उकळल्याने पाल्याचा जीव गेला. म्हणून अल्कोहोलमध्ये अर्क काढला. तोही नापास. “दारू पाजलेला साक्षीदार खरं बोलेल का?” ही दुसरी हरकत. मग ताजा रस घेतला, तोही चालला नाही. त्यावर सासरे म्हणाले, “तुमचे जंतू सरकारी. खाऊनपिऊन माजलेले. माझ्या पायातले गरीब आहेत, त्यांच्यावर बघ.” तेव्हा अर्जदाराने विभागप्रमुख बाईंच्या संमतीने, जखमेतून कापसाच्या बोळ्यावर नमुना घेऊन सासऱ्यांचे स्वतःचे जंतू वाढवले. ते गरीब नव्हते. अँटिबायोटिकच्या चकतीभोवती लख्ख गोल पडला. पाल्याच्या रसाला मात्र जंतू अगदी खेटून वाढले.

५. हा निकाल अर्जदाराने घरी सांगताच सासऱ्यांनी मान हलवली. “तू सांगतेस. मी पाहिलंय का? ऐकीव पुरावा चालत नाही.” मोबाइलवर फोटो दाखवला, तर “फोटोत काय, काहीही करता येतं. अस्सल दाखव.” यावर सासूबाईंचे मौन तेवढ्यापुरते सुटले. “अहो, पाय कुजल्यावर तरी डोळ्यांनी बघाल ना?” त्या म्हणाल्या आणि आत जाऊन रडल्या. त्या रात्री अंगठ्याचे टोक काळपट दिसू लागले होते.

६. बाहेरच्या व्यक्तीस जंतू-विभागात आणायचे तर परवानगीला आठवडा लागतो. अंगठा आठवडाभर थांबेल असे अर्जदारास वाटले नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ती सासऱ्यांना सोबत घेऊन आली. फाटकावरील पहारेकऱ्यांना त्यांनी “माझा नमुना आत आहे,” असे सांगितले, ते खरेच होते. भेटीचे कारण म्हणून ‘पुराव्याची पाहणी’ असे लिहिले, तेही खरेच होते. विभागात एप्रन आणि हातमोज्यांशिवाय जाता येत नाही, आणि खुंटीवर मोकळा एप्रन एकच होता. तो निवृत्त झालेल्या सरांचा निघाला, आणि त्याच्या खिशावर ‘ज्येष्ठ शास्त्रज्ञ’ असे शिवलेले होते, हा निव्वळ योगायोग. सासऱ्यांना तो अंगाबरोबर बसला, हा दुसरा.

७. अर्जदाराने प्लेट उजेडात धरली. सासरे चष्मा वर-खाली करत बराच वेळ पाहत राहिले. हरकत आली नाही. मग हळूच म्हणाले, “हे सगळं माझ्या पायात आहे?” अर्जदार म्हणाली, “हो, बाबा.” ते स्टुलावर बसले. तो एवढासा चेहरा अर्जदाराने पूर्वी पाहिला नव्हता. “दवाखान्यात फोन लाव,” ते म्हणाले. विभागात मोबाइल वापरण्यास मनाई असल्याने, नियमाला धरून, अर्जदार बाहेर व्हरांड्यात गेली.

८. नेमक्या त्याच वेळी आपण तपासणी समितीला घेऊन दुसऱ्या दाराने आत आलात. पुढचे आपण पाहिलेच आहे. तरी सासऱ्यांची बाजू मांडणे अर्जदाराचे कर्तव्य आहे. त्यांनी आपण शास्त्रज्ञ असल्याचे एकदाही म्हटले नाही. समितीच्या अध्यक्षांनी, “हे संशोधन आपलं का?” असे विचारले. सासरे म्हणाले, “पाला माझा आहे.” निष्कर्ष काय, असे विचारल्यावर म्हणाले, “साफ नापास. वर्षानुवर्षं मी लोकांना देत आलो. पण बघा ना, याच्या शेजारी जंतू कसे मजेत बसलेत.” आपल्या वनस्पतीबद्दल असे सरळ बोलणारा शास्त्रज्ञ आम्हाला प्रथमच भेटला, असा शेरा अध्यक्षांनी लिहिला आणि सासऱ्यांचा हात दोन्ही हातांत धरला. सासऱ्यांच्या हातात हातमोजे तसेच होते. त्याबद्दल अर्जदार दिलगीर आहे.

९. अर्जदार त्यांना तिथूनच थेट दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी जखम साफ केली, औषध सुरू केले आणि आणखी उशीर झाला असता तर अंगठा गेला असता असे सुनावले. अंगठा वाचला आहे. सासूबाई पुन्हा बोलू लागल्या असून, राहून गेलेलेही सगळे बोलून घेत आहेत.

१०. आणखी एक बाब नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. बुरशीच्या प्लेटवर याच पाल्याभोवती चांगला रुंद गोल आला आहे. प्लेटवर चालले म्हणजे अंगावर चालेलच असे नाही, हे अर्जदाराने घरी पुन्हा पुन्हा बजावले. सासऱ्यांनी ते ऐकून घेतले आणि फाटकावर पाटी लावली : ‘पाल्याचे वाटप निकाल लागेपर्यंत स्थगित. जखम असल्यास दवाखान्यात जावे.’ गल्ली नाराज आहे. एका काकूंनी पाटी वाचूनही हात घालून चार पाने तोडली, तेव्हा सासऱ्यांनी स्वतः लंगडत जाऊन ती परत घेतली.

११. सबब विनंती की, पहारेकऱ्यांस दोष देऊ नये. ज्येष्ठ शास्त्रज्ञ कोण, हे समितीस कळवायचे की कसे, ते आपण ठरवावे. अर्जदारास जी शिक्षा योग्य वाटेल ती द्यावी. पुढे परवानगीशिवाय कोणालाही आत आणणार नाही, याचा तिने कानाला खडा लावला आहे.

१२. राहता राहिली सुनावणी. नोटिशीत अर्जदारासोबत सदर ‘ज्येष्ठ शास्त्रज्ञां’नीही, म्हणजे सासऱ्यांनीही, समक्ष हजर राहावे असे म्हटले आहे. त्यांचे वय आणि पाय पाहता त्यांना यातून वगळावे, असा मजकूर अर्जदाराने इथे लिहिला होता. तो वाचून सासऱ्यांनी नोटीस मागून घेतली. मग म्हणाले, “कोर्टाच्या दारात उभं राहून मी हजारो लोकांचा पुकारा केला. माझ्या नावाचा कोणी केला नाही.” त्यानंतर त्यांनी शर्टाला इस्त्री करायला घेतली. म्हणून तो मजकूर खोडला आहे. सासरे हजर राहतील. दारावरच्या शिपायांनी त्यांचे नाव खणखणीत आवाजात तीनदा पुकारावे, ही नम्र विनंती. पहिल्या पुकाऱ्याला ते उठणार नाहीत.

आपली आज्ञाधारक
(वरील प्रसंग वगळून),

(सही)
तंत्रसहायक, जंतू-विभाग

दिनांक : सुनावणीचा आदला दिवस

सोबत :
१) दोन्ही प्लेटचे फोटो (अस्सल प्लेट विभागात आहेत)
२) दवाखान्याचा दाखला
३) एप्रन, धुऊन