गुरुवारची नायिका

पिनर, रविवार संध्याकाळ

प्रिय मोहन,

तू निघून अजून तास झाला नाही. म्हणजे वॉटफर्ड मागे टाकून मोटरवेवर असशील, रेडिओवर क्रिकेट लावून. एवढ्यातच हिने पत्र का लिहायला घेतलं, फोन का नाही केला, असं तुला वाटेल. फोनवर तू आधी 'हं' म्हणतोस, मग 'बघू' म्हणतोस, आणि मग लेस्टरला पाऊस आहे की नाही ते सांगतोस. पत्राला तसं वाटेला लावता येत नाही. नको असेल तर फाडावं लागेल, आणि तेवढे कष्ट तू घेणार नाहीस. तेव्हा सरळ सांगते, मला तुझ्याशी भांडायचं आहे आणि भांडण शाल्मलीच्या नाटकावरून आहे.

आपली मुलगी फेब्रुवारीपासून वेस्ट एंडला एका मोठ्या म्युझिकलची नायिका आहे. सोमवारी संध्याकाळी आणि गुरुवारी दुपारी. बाकीचे सगळे खेळ ती टीव्हीवरची डिटेक्टिव्ह बाई करते. तिचं नाव मी लिहिणार नाही, ते बसच्या पाठीवर पुरेसं मोठं लिहिलेलं आहे. ब्रॉडवेवर एकेकाळी गाजलेलं म्युझिकल पुन्हा उभं करायचं तर आधी ओळखीचा चेहरा लागतो, तिकिटं त्याच्यावर खपतात, एवढं मला कळतं. त्या चेहऱ्याला आठवड्याचे सगळे खेळ झेपत नाहीत, म्हणून दोन खेळांना दुसरी, तिला ऑल्टरनेट म्हणतात. कुणी आजारी पडलं की धावत येणारी नुसती बदली नव्हे. ठरलेल्या दिवसांची, ठरलेली नायिका. आणि नेमक्या त्याच दिवशी तू लेस्टरला असतोस. सोमवारी तुझं क्लिनिक, गुरुवारी ऑपरेशनं. इतक्या महिन्यांत तू तिला एकदाही पाहिलं नाहीस. एकदाही नाही, मोहन.

मी मात्र दर गुरुवारी जाते, मेट्रोपॉलिटन लाइनने, पर्समध्ये सँडविच घेऊन. दवाखान्यातून रिटायर झाल्याचा मला झालेला हा एकमेव फायदा. थिएटरच्या लॉबीत पाटी लावलेली असते, आजच्या खेळात ही भूमिका शाल्मली करणार आहे म्हणून. लोक ती वाचतात आणि त्यांचे चेहरे पडतात. वेबसाइटवर कधीपासून लिहिलेलं असतं, त्या दिवशीची तिकिटंही जरा स्वस्त असतात, तरी खिडकीपाशी हुज्जत घालणारं कुणीतरी असतंच. गेल्या महिन्यात माझ्या शेजारी कार्डिफहून आलेली एक बाई बसली होती. सगळा पहिला अंक धुसफुसत होती, फसवलं म्हणे आम्हाला. दुसऱ्या अंकात शाल्मलीने ते खानावळ बंद करतानाचं गाणं घेतलं आणि बाई मुसमुसून रडायला लागली. मी तिला माझे टिश्यू दिले. मनात म्हटलं, चला, एक तरी माणूस जिंकला. दिवे लागल्यावर ती डोळे पुसत मला म्हणते, ही एवढी सुरेख गाते, तर खरी किती सुरेख गात असेल! मला तिच्या हातातले टिश्यू परत घ्यावेसे वाटले.

तिचं सोड, ती परकी. आपलं मंडळ काय करतं? आपले सेक्रेटरी पुरुषोत्तम, त्यांनी 'आपल्या शाल्मलीचं नाटक' असा मेसेज सगळीकडे फिरवला, सगळ्यांसाठी कोच बस ठरवली, आणि तिकिटं काढली शनिवार रात्रीची. मी म्हटलं, अहो, शनिवारी ती कामच करत नाही. तर म्हणाले, वहिनी, ग्रुप डिस्काउंट मिळालंय, आणि खरं सांगू का, सगळ्यांना त्या बाईंनाही बघायचंय. झालं. बायका पैठण्या नेसून आल्या. तूही आलास, नवा ब्लेझर घालून, कारण शनिवार तुला मोकळा. शाल्मलीला त्या रात्रीही थिएटरात थांबावं लागतं, बाईंना मध्येच काही झालं तर. मध्यंतरात ती जीन्स-टीशर्टमध्ये खाली आली. मंडळातल्या मीनाक्षीने तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, निळ्या फ्रॉकमध्ये किती गोड दिसत होतीस गं, आणि नाचलीस पण काय! कोरसमधल्या दुसऱ्याच एका सावळ्या मुलीला ती शाल्मली समजली होती. आपली पोरगी म्हणाली, 'थँक यू, मावशी.' मी तुझ्याकडे बघितलं. वाटलं, आता तरी तू तोंड उघडशील. तू आइस्क्रीमच्या रांगेत जाऊन उभा राहिलास.

त्या बाईंवरही मला धड रागावता येत नाही, हा आणखी एक वैताग. त्या वाईट नाहीत. नुसत्या येऊन उभ्या राहतात आणि टाळ्या पडतात, आणि हात आखडता न घेता काम करतात. त्या खानावळीच्या गाण्याची पट्टी मात्र त्यांच्यासाठी खाली आणली आहे, शाल्मली ते मूळ पट्टीत गाते. त्या शनिवारी ते तुझ्या लक्षात आलं होतं. वरच्या सुराच्या ओळीला तुझी भुवई वर गेली, मी पाहिलं. का जाणार नाही? पट्टी म्हणजे काय ते तिला आपल्या पेटीवर तूच शिकवलंस, ती चार वर्षांची असताना, मांडीवर बसवून. बाईंनी तिच्या वाढदिवसाला फुलं पाठवली, स्वतः चार ओळी लिहून. अशा माणसाशी भांडायचं कसं? म्हणून माझा सगळा राग फिरून फिरून तुझ्यावर येतो.

परत येताना कोचमध्ये मीनाक्षीने तुला विचारलं, भावोजी, ऑल्टरनेट म्हणजे नक्की काय हो? तू जराही न अडखळता म्हणालास, मुख्य माणूस नसेल तेव्हा काम निभावून नेणारी, बाकी काही नाही. आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलास. तू हे शाल्मलीबद्दल बोलत नव्हतास, एवढं मला कळलं. तोवर मी समजत होते की तुला वेळ नाही, किंवा तुला मोठ्या नावाची हाव आहे. मोहन, उभं आयुष्य तू दुसऱ्याच्या नावाखाली ऑपरेशनं केलीस. पलंगाच्या डोक्याशी कन्सल्टंटचं नाव, टाके तुझे. भूल द्यायच्या आधी पेशंट तुला विचारायचे, साहेब स्वतः येणार आहेत ना? सुरुवातीला तू घरी येऊन त्यांच्या नकला करायचास आणि आपण पोट धरून हसायचो. मग हळूहळू तू ते सांगायचं बंद केलंस आणि मीही विचारलं नाही. लॉबीतली ती पाटी तुला वाचायची नाही, म्हणून तू येत नाहीस. तसं असेल तर तसं म्हण ना माझ्यापाशी! त्याऐवजी तू लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवरच्या मिठाईवाल्याला फोनमधलं पोस्टर दाखवतोस, बोटांनी मोठं करून अगदी खालच्या ओळीतलं तिचं नाव शोधून देतोस, आणि घरी आलास की दर आठवड्याला तिला विचारतोस, 'लीडचं काय झालं?'

लीडचं काय झालं ते ऐक. बाईंचा करार संपत आला, हे तुला माहीत आहे. एप्रिलमध्ये त्यांचा घसा बसला तेव्हा आठवडाभर सगळे खेळ शाल्मलीने ओढले (त्या शनिवारी नेमकी तुझी ड्यूटी निघाली), त्यामुळे आता पुढे तिलाच देतील असं आपण धरून चाललो होतो. नाही दिलं. टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत जिंकलेली एक मुलगी आणली आहे. अजून जाहीर व्हायचंय. ती आजवर कधी थिएटरात गायलेली नाही. निर्मात्यांनी शाल्मलीला कॉफीला बोलावून सांगितलं की तू आमच्यासाठी फार मोलाची आहेस, सोमवार-गुरुवार तुझेच राहतील, आणि जमलं तर नव्या मुलीची जरा तयारी करून घे. हे मला तिने काल दुपारी सांगितलं, तू मागे बागेतली हेज कापत होतास तेव्हा. मी हातातला कुकर सिंकमध्ये आपटला. तू बाहेरून 'काय पडलं?' म्हणून ओरडलास, ते हेच. मोलाची म्हणे! इतकी मोलाची आहे तर बसच्या पाठीवर लावा तिचा फोटो. पण मी असं बोलायला लागले की तीच माझी समजूत घालते, आई, दॅट्स हाऊ इट वर्क्स, आणि चहा करून देते. कुणाच्या वळणावर गेली आहे ते वेगळं सांगायला नको.

तिने त्यांना नाही म्हणून कळवलं आहे. सप्टेंबरपासून वॉटफर्डच्या एका शाळेत ती गाणं शिकवणार आहे. तिचाही करार याच आठवड्यात संपतो. आत्ताच्या आत्ता बाबांना सांगू या, म्हणून मी उठले तर तिने माझा हात धरला. म्हणाली, 'नको ना, आई. बाबा वेट करतोय, मी रिअल लीड झाली की तो येणार. बट दॅट वॉज इट. हाच होती माझी लीड.' आणि आज जेवताना तू पुन्हा तोच प्रश्न विचारलास, तेव्हा ती 'बघू, बाबा' म्हणाली आणि तुझ्या वाटीत आमटी वाढली. मला तिथेच ओरडावंसं वाटत होतं. तिच्यासाठी गप्प बसले, आणि तुझी गाडी वळल्याबरोबर कागद घेतला. मोहन, येत्या गुरुवारी दुपारी अडीच वाजता ती त्या रंगमंचावर शेवटची उभी राहणार आहे. पुढे कधी राहील की नाही, कुणी सांगू शकत नाही. माझ्या शेजारची खुर्ची घेतली आहे, तिकीट सोबत आहे. ती तुझी वाट बघत नाही, तिने वाट बघणंच सोडलं आहे, आणि मला तेच सहन होत नाहीये. रजा सहा आठवडे आधी मागावी लागते, हे मला सांगू नकोस. पेशंट ज्याच्या नावावर आहेत त्याला फोन कर आणि म्हण, या गुरुवारी तुमची ऑपरेशनं तुम्ही करा, मला माझ्या मुलीचं नाटक बघायचं आहे.

गुरुवारी दोनपासून लॉबीत, त्या पाटीशेजारी उभी असलेली,
तुझीच
वैजयंती