घड्याळापुरतं भोक

ता. ४ फेब्रुवारी

रा. रा. व्याहीबुवांस,
स. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळे खुशाल आहेत. फोनच करणार होतो, पण फोन कानाजवळ नेला की माझं कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि ती थांबेपर्यंत दोन्ही विहिणींचं बोलणं सुरू झालेलं असतं. शिवाय विषय असा आहे की तो आपल्या दोघांतच राहावा.

मुलांनी स्वतःचं घर घेतलं तेव्हा मी त्यांना लंबकाचं घड्याळ दिलं, ते आपण पाहिलं आहे. डोळ्यांनी साथ सोडली आणि मी दुकान आवरलं, त्याआधी माझ्या हातून दुरुस्त झालेलं ते शेवटचं. ते अजून चादरीत गुंडाळून त्यांच्या पलंगाखाली पडून आहे. चिरंजीव म्हणतात, माणूस बोलावून लावून घेऊ. कधी विचारलं, तर पुढच्या आठवड्यात. तो माणूस आणि तो आठवडा, दोघेही अजून वाटेतच आहेत. घड्याळ असं आडवं राहिलं की आतलं तेल घट्ट होतं आणि चाकं अडून बसतात. ते चालू झालेलं मला पाहायचं आहे. आणि खरं सांगू का, माझ्याच हातांनी लावायचं आहे. पण मी नाव काढलं की चिरंजीव स्टुलाची गोष्ट काढतात. गेल्या वर्षी दिवा बदलताना मी आणि स्टूल एकाच वेळी खाली आलो. तेव्हापासून मला चढायला फक्त जिने उरलेत, तेही कठडा धरून.

म्हणून बिनवायरचं ड्रिल स्वतःच घ्यायचं ठरवलं आहे. दुकानात गेलो, तर विक्रेत्याने व्होल्ट विचारले. मी जन्मभर नखाएवढे सेल बदलले, मला काय कळणार! त्याने एक मशिन हातात दिलं. ते धरून मी क्षणभर दरोडेखोरासारखा उभा राहिलो आणि मनगट दुखायला लागल्यावर शरण आलो. आपला जन्म डेपोत बस दुरुस्त करण्यात गेला. कोणतं घेऊ, ते सांगावं. विहीणबाईंना मात्र यातलं काही कळू देऊ नये.

लोभ आहेच; तो या वेळी सल्ल्याच्या रूपाने यावा, ही विनंती.

आपला,
घड्याळजी


ता. ९ फेब्रुवारी

घड्याळजी व्याहीबुवांना फिटर व्याह्याचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

विहीणबाईंना कळू देऊ नका म्हणता, पण पोस्टमनने पाकीट हिच्याच हातात दिलं. हिने ते आधी वाचलं आणि मग मला चहाबरोबर दिलं. आमच्या चिमणीला, म्हणजे तुमच्या सूनबाईंना, सांगणार नाही असं हिने कबूल केलं आहे. हिचा शब्द म्हणजे आमच्या डेपोचं वेळापत्रक, छापलेलं असतं एवढंच.

आता मशिनचं. व्होल्टचं फार मनावर घेऊ नका. शिवणयंत्राला बसचं इंजिन लावत नाहीत. बारा व्होल्टचं लहान मशिन तुम्हाला पुरे. फक्त त्यावर हातोडीचं चित्र असलं पाहिजे. तसलं मशिन फिरता फिरता ठोकेही मारतं, त्याशिवाय विटेत भोक पाडताना घाम फुटेल. भिंत काँक्रीटची निघाली तर मात्र ते नुसतं रडेल, म्हणून आधी भिंत कसली ते तपासून घ्या. मशिन हातात घेताना बॅटरी लावलेली असू द्या. दुकानदार कधीकधी रिकामंच हातात देतात आणि वर म्हणतात, बघा किती हलकं. हात पुढे करून आरामात धरता आलं, तर ते तुमचं. बॅटऱ्या दोन घ्या, एक कामावर आणि एक चार्जिंगला. आणि कंपनी माझ्या लहान मशिनचीच बघा. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशिनला बसत नाही. आपली सोयरीक झालीच आहे, तर बॅटऱ्याही एका घरच्या असू द्या.

मशिनच्या तोंडामागे आकड्यांचं एक कडं असतं. स्क्रू पिळताना ते लहान आकड्यावर ठेवा, म्हणजे स्क्रू घट्ट झाला की मशिन आपणहून कटकट करून थांबतं. मी ते कायम शेवटच्या आकड्यावर ठेवतो, आणि त्याचं फळ आमच्या न्हाणीघरात लोंबतंय. टॉवेलच्या हुकाच्या एका स्क्रूचं डोकं तुटलं, धड भिंतीतच राहिलं. ही रोज टॉवेल अडकवते आणि रोज मला ऐकवते, की बसची चाकं बसवणाऱ्याला एक हूक बसवता येत नाही.

खरं तर एवढा खटाटोप हवा कशाला? मी पुढच्या महिन्यात मुलांकडे येणारच आहे. माझं मोठं मशिन आणतो, पाच मिनिटांत घड्याळ भिंतीवर. तुम्ही आपले खुर्चीत बसून वेळ लावा.

कळावे. लोभाची बॅटरी उतरू देऊ नका.

तुमचा,
फिटर


ता. १९ फेब्रुवारी

रा. रा. व्याहीबुवांस,
स. न. वि. वि.

सल्ल्याबद्दल आभार. पाच मिनिटांत होईल, यात मला शंका नाही. पण मग ते घड्याळ आपण लावलेलं होईल. खुर्चीत बसण्याचं म्हणाल, तर ते काम मी वर्षभर चोख करतो आहे, त्यात आता शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. राग मानू नये.

मशिन आणलं. आपण सांगितलं तसंच: लहान, हातोडीच्या चित्राचं, आपल्याच कंपनीचं. कपाटात स्वेटरांच्या मागे ठेवलं होतं, पण चार्जरचा हिरवा दिवा लोकरीतून दिसला आणि हिने दार उघडलं. म्हणाली, या वयात माणसाला लपवायला ड्रिलच सापडावं का! आता तीही कटात आहे. माझ्या सरावासाठी तिने पोळपाट सोडून घरातलं कुठलंही लाकूड वापरायची परवानगी दिली आहे.

आणि तिथेच घोडं अडलं. एका जुन्या फळीवर भोक पाडायला बसलो. पहिल्या दिवशी झकास पडलं. त्यानंतर मात्र मशिन फिरतं आणि भोक पाडणारं पुढचं बिट जागच्या जागी उभं. आवळलं तरी निसटतं. देखभालीत मी कसूर केलेली नाही. रोज काम झालं की फडक्याने पुसतो आणि बिट पकडणाऱ्या तोंडात सुईने तेलाचा एक थेंब सोडतो, अगदी मनगटी घड्याळाला सोडावा तसा. तरीही हे असं. उद्या परत करून येतो. कदाचित खुर्चीच बरोबर असेल.

लोभ असू द्यावा, माझ्या मशिनवर नसला तरी माझ्यावर.

आपला,
घड्याळजी


ता. २४ फेब्रुवारी

घड्याळजीबुवा,
स. न. वि. वि.

थांबा! परत करू नका. केलं असेल तर परत आणा.

तुमचं पत्र वाचून मी इतका हसलो, की ही हातातलं लाटणं घेऊन धावत आली. अहो, ते तोंड म्हणजे पकड. पकडीला तेल लावून तीच पकड निसटते म्हणून मशिनला बोल लावायचा? पैलवानाने अंगाला तेल चोपडावं तसं तुम्ही त्या बिचाऱ्याला रोज चोपडताय. कोण धरणार त्याला! तोंड पूर्ण उघडा, कोरड्या फडक्यावर थोडं स्पिरिट घेऊन आतले तिन्ही दात पुसा, बिटाची दांडी पुसा, आणि पुन्हा आवळा. मी आयुष्यात मशिन बिनतेलाचं मारणारे पुष्कळ पाहिले. लाडाने बिघडवणारे तुम्ही पहिलेच.

ते खुर्चीचं मी सहज बोलून गेलो. हिने माझं पत्र टाकायच्या आधी वाचलं असतं तर तिथेच खोडलं असतं. तेव्हा आता असं ठरलंय: मुलांकडे मी जाणार होतो ते थोडं पुढे ढकलतो. मी तिथे असलो तर माझे हात शिवशिवणार, आणि हात मागे बांधून उभं राहणं मला जमत नाही. घड्याळ लागलं की कळवा, मग येतो. सोबतच्या पुडीत भिंतीसाठीचं चांगलं बिट आहे. त्याला तेल लावू नका.

तेवढी स्टुलाची काळजी मात्र मलाही आहे. त्यावर उपाय सुचत नाही. हिला विचारलं, तर ती म्हणाली, तो कधीच झाला. म्हणजे काय, ते सांगेना.

लोभ आहे, तो निसटता नव्हे, आवळलेला असावा.

तुमचा,
फिटर


ता. १ मार्च

ती. बाबांना,
सा. न.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्याला तुम्ही हो म्हणता, म्हणून लिहितेय. मला सगळं माहीत आहे. माझ्या आईने शब्द दिला होता, पण तो माझ्या अण्णांना. मला दिला नव्हता, असं तिचं म्हणणं.

आधी तुमच्या चिरंजीवांबद्दल. त्या माणसाला त्याने कधी बोलावलंच नव्हतं. मी खोदून विचारलं, तेव्हा म्हणाला, की ते घड्याळ परक्या माणसाने लावावं असं त्याला वाटत नाही, आणि बाबांना लावा म्हणावं तर ते स्टुलावर चढणार. दोन्ही नको, म्हणून पलंगाखाली. घराण्याचा स्वभाव आहे, मी काय बोलू!

मग मी त्याला विचारलं, की या घड्याळाला दर आठवड्याला चावी कोण देणार? तो म्हणाला, मी. यावर मी नुसती हसले, तेव्हा म्हणाला, बरं, तू. मग माझा हात पोचायला नको का? चिमणी नाव मला उगाच नाही पडलं. तुमच्या दुकानात घड्याळं वर असायची, कारण खाली काचेची कपाटं होती. आमच्या भिंतीखाली तर काहीच नाही. मग ते छताशी टांगायचं कशाला?

तो पेन्सिल घेऊन उठला. भिंतीसमोर उभा राहून त्याने गुडघे वाकवले, तुमच्या उंचीचा झाला, आणि हात पुढे करून बघितलं. हात सुखाने जिथे पोचला, तिथे फुली मारली आहे. तुम्ही चपला घालून जमिनीवर उभं राहायचं. स्टूल मी शेजारच्या काकूंना देऊन टाकलं.

भिंत विटांचीच आहे. अण्णांनी आईला सांगितलं होतं तसं मी बोटांनी ठिकठिकाणी ठोकून पाहिलं. त्याच काकूंनी दार उघडून विचारलं, कोण आहे?

रविवारी या. मशिन पिशवीतून नाही, उघड हातात घेऊन या. तुमच्या येण्याची वाट बघतोय, आणि माया अशीच राहू द्या.

तुमची,
चिमणी


ता. १० मार्च

प्रिय व्याहीबुवा,
स. न. वि. वि.

घड्याळ लागलं.

तुम्ही हवे होतात, आणि तुम्ही नव्हतात हे बरंही झालं. दोन्ही खरं आहे. आवाज सोसवेना म्हणून कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं आणि फुलीवर बिट टेकवलं. (मशिन परत करायला मन झालं नव्हतं, आणि पकड स्पिरिटने पुसल्यापासून बिट निसटत नाही.) चिरंजीव माझ्या मागे दोन्ही हात पसरून उभे होते, मुलाला सायकल शिकवताना आपण उभे राहायचो ना, तसे. मी स्टुलावर नव्हतो, सपाट जमिनीवर होतो, तरीही. आधी पांढरी पूड पडली, मग लाल. तुमचं बिट लोण्यात सुरी जावी तसं गेलं, म्हणजे निदान मला तरी तसं वाटलं. सूनबाई म्हणतात, मी सबंध वेळ दात ओठ खात होतो.

भोकात स्क्रूसाठी प्लास्टिकचा प्लग बसवला. स्क्रू पिळताना कडं लहान आकड्यावर ठेवलं. तुम्ही म्हणता ती कटकट मला ऐकू आली नाही, पण मनगटाला कळली, आणि थांबलो. घड्याळ टांगलं, लंबक लावला, हलवला. चार हेलकावे घेऊन तो थांबला. सगळ्यांचे चेहरे पडले. माझा नाही, ते कुठे अडणार हे मला पाठ होतं. पेटी डावीकडे किंचित सरकवली, आत एक थेंब तेल सोडलं, (इथे ते चालतं, हसू नका) आणि पुन्हा हलवला. मग तो राहिला चालू.

चिरंजीवांनी खुणेने विचारलं, ऐकू येतंय का? यंत्र खिशातच होतं. मी हात भिंतीवर ठेवला. ठोका स्क्रूमधून विटेत आणि विटेतून माझ्या तळहातात आला. इतक्या वर्षांत घड्याळं कानाला लावली, असं हाताने कधी ऐकलं नव्हतं. मला पाहून चिरंजीवांनी हात ठेवला, मग सूनबाईंनी, मग हिने. चौघं भिंतीला हात लावून उभे, आणि तेवढ्यात काकू दार उघडून बघायला आल्या. त्यांना काय वाटलं असेल ते त्यांनाच माहीत.

आता अडचण अशी आहे, की बॅटऱ्या दोन्ही भरलेल्या आहेत आणि आमच्या भिंती संपल्या. चिरंजीवांकडे पडद्याच्या दांड्या आहेत, पण त्या उंचावर; ते काम त्यांनी मशिन मागून घेऊन स्वतः केलं. एक दांडी तिरकी आहे. मी बोललो नाही, तुम्हीही आल्यावर बोलू नका.

तेव्हा तुमच्या न्हाणीघरातल्या त्या हुकाचं. डोकं तुटलेला स्क्रू धड न दुखावता बाहेर काढणं हे तुमचं काम नव्हे, रागावू नका, ते माझं आहे. भिंग, चिमटा आणि माझं मशिन घेऊन आम्ही दोघं पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येतो. बॅटरी संपली तर तुमची बसेलच. विहीणबाईंना हे वाचून दाखवायची गरज नाही, त्यांनी ते आधीच वाचलेलं असणार. त्यांना माझा नमस्कार.

तुम्ही फक्त एक करायचं. न्हाणीघराच्या दाराशी एक खुर्ची टाकायची, आणि तिच्यावर बसायचं.

लोभ भिंतीत बसला आहे, आता हलणार नाही.

तुमचा,
घड्याळजी